माशांची नरकचतुर्दशी

एरवी या सदरात मी शब्दांविषयी लिहितो. एखाद्या म्हणीचे मूळ, एखाद्या शब्दाचे कूळ, नाही तर उत्तरपत्रिकेत सापडलेली एखादी गमतीदार चूक, असला किरकोळ माल घेऊन मी आठवड्याच्या आठवड्याला वाचकांच्या दारी येतो. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांनी पाने वाढवून दिली आणि वर ताकीद दिली, "या खेपेला व्याकरण नको. काही तरी घरगुती लिहा." घरगुती म्हटल्याबरोबर मला आमच्या बैठकीच्या खोलीतील काचेची पेटी आठवली आणि पेटीपाठोपाठ दोन वर्षांपूर्वीची नरकचतुर्दशी आठवली. ती हकीगत मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही, कारण तीत माझीच शोभा होते. पण हल्ली पाणवनस्पतींनी भरलेल्या पेट्या घरोघरी दिसू लागल्या आहेत. त्यांत वायूच्या नळ्या सोडलेल्या असतात, आणि त्या नळीच्या आसपास एखादा नाजूक मासा तोंड वासून फिरताना दिसला की मला राहवत नाही. तेव्हा सांगूनच टाकतो.

आमची पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. वाळू-दगडांची जागा वजा जाता तीत सुमारे १७० लिटर पाणी राहते. त्या वेळी तीत पंधरा रमीनोज टेट्रा होते, ओटो नावाचे चार चिमुकले शेवाळखाऊ मासे होते, दोन मधाच्या रंगाच्या गुरामी होत्या, आणि कोळंब्या किती होत्या ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. रमीनोज हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ पाण्यात वाढणारा मासा. बोटाच्या दोन पेरांएवढा. अंग चांदीचे, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे, आणि तोंड मात्र असे लाल, की जणू कोणी करंड्यात बुचकळून काढले आहे. आमच्या धाकटीने त्यांचे नाव ठेवले 'कुंकुवाले'. या माशाची खुबी अशी, की पाणी मानवले म्हणजे ते कुंकू ठसठशीत दिसते. पाणी बिघडले किंवा जीव घाबरला की फिके पडते. ही गोष्ट पुढे लागणार आहे, वाचकांनी ध्यानात ठेवावी.

पेटी माझी असली तरी तिचे शास्त्र आमच्या अण्णांचे. अण्णा पस्तीस वर्षे हायस्कुलात शास्त्र शिकवीत होते. मी ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो त्याला ते अजून 'कर्बद्विप्राणिद' म्हणतात. हा शब्द उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात तो वायू तयारही होत असेल, असे मी एकदा म्हणालो, त्यावर ते म्हणाले, "शब्द लांब असला की पोरे तो सोडायच्या आधी विचार करतात." आपण मात्र इथे सोयीसाठी नुसता कर्बवायू म्हणू.

मुळात पेटीत हा वायू सोडावयाचाच कशाला? वनस्पतीचे पाणी काढून टाकले तर जे कोरडे उरते त्यात वजनाने चाळीस टक्क्यांहून अधिक कार्बन असतो, आणि तो तिने कर्बवायूतून घेतलेला असतो. जमिनीवरच्या झाडाला वारा तो पानापाशी आणून देतो. पाण्यातल्या झाडाचे तसे नाही. हवेशी खुल्या असलेल्या पाण्यात तो लिटरला अर्धा-पाऊण मिलीग्रॅमच टिकतो, माशांच्या श्वासामुळे फार तर दोन-तीन. आणि पाण्यातून तो पसरतो हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी सावकाश. म्हणजे पान अगदी उजेडात न्हात असले तरी त्याच्यासमोरचे ताट रिकामे. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या धूर्त वनस्पती पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून आपला वाटा काढून घेतात. वाचकांनी शाळेत हायड्रिलाचा प्रयोग पाहिला असेल: चंचुपात्रात हायड्रिला, तिच्यावर उलटे नरसाळे, त्याच्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि उन्हात ठेवले की नळीत चढणारे प्राणवायूचे बुडबुडे. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की बुडबुडे भराभर येऊ लागतात. अण्णांनी हा प्रयोग किती वर्गांना दाखवला असेल, गणती नाही.

पण आपल्याला हवी असतात ती झाडे हायड्रिलाइतकी सोशिक नसतात. माझा जीव जडला होता रोटाला मॅक्रांड्रावर. ही मूळची आपल्याच देशाची, दक्षिणेकडची. भरपूर उजेड व भरपूर कर्बवायू मिळाला की पैठणीच्या पदरासारखी लालभडक होते, आणि न मिळाला की वाळत घातलेल्या लुगड्यासारखी लोंबते. तिच्यासारख्यांसाठी लोक पाण्यात वायू सोडतात. जपानचा ताकाशी अमानो, जो आधी सायकलच्या शर्यती मारीत असे आणि पुढे या पाणबागांचा गुरू झाला, त्याने प्रथम पेटीत चक्क सोडावॉटर ओतून पाहिले अशी हकीगत सांगतात. तो १९५४ साली जन्मला, २०१५ साली वारला. त्याच साली लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने उभारलेली चाळीस मीटर लांबीची पेटी लोकांसाठी खुली झाली. सोडावॉटरची कल्पना ऐकून हसू येते, पण गोटी सोड्याच्या बाटलीत असते तरी दुसरे काय? १७७२ साली इंग्लंडात प्रीस्टलेने पाण्यात हा वायू भरण्याची कृती छापली, तेव्हापासून तोच प्रकार चालू आहे.

आमच्याकडे सोडावॉटर नव्हते. दोन किलोचे पोलादी नळकांडे होते. त्याच्यावर दाब कमी करणारा रेग्युलेटर, पुढे विजेवर उघडझाप होणारी झडप, पुढे बुडबुडे मोजायची काचेची कुपी, आणि पाण्याखाली बारीक छिद्रांची चकती. विजेच्या झडपेला टायमर लावलेला. पेटीतले दिवे दुपारी चारला लागत, रात्री दहाला जात. वायू अडीचला सुरू होई, नऊला बंद होई. ही व्यवस्था दीड वर्ष सुरळीत चालली होती. मासे सुखी, झाडे बऱ्यापैकी, आणि मी सर्वांत सुखी.

आता दोन वर्षांपूर्वीची धनत्रयोदशी. आदल्या वर्षी भाऊबिजेला आलेले आमचे मेहुणे पेटीसमोर उभे राहून म्हणाले होते, "पेटी छान आहे हो, पण लाल रंग जरा कमी वाटतो." हे वाक्य मी वर्षभर मनात ठेवले होते. माणूस परीक्षकाचे शेरे देऊन देऊन पोट भरत असला तरी स्वतःवरचा शेरा त्याला पचत नाही. तेव्हा धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, भाऊबीज तोंडावर आली म्हणून, मी झडपेचा खिळा थोडा सैल केला. सेकंदाला दोन बुडबुडे पडत होते ते चार झाले. शिवाय वायू पाण्याच्या पृष्ठभागावरून उडून वाया जातो असे ऐकले होते, म्हणून गाळणीच्या पाण्याचे तोंड मी खाली वळवले. वर पाणी अगदी आरशासारखे स्तब्ध झाले. फार सुरेख दिसत होते.

त्याच सुमारास बाल्कनीतून सौ.ची हाक आली. आकाशकंदील रात्रभर जळत राहू नये, आपोआप बंद व्हावा, अशी तिची इच्छा होती, आणि घरात टायमर एकच होता. मी तो झडपेचा काढला, आकाशकंदिलाला लावला, आणि झडपेची पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली. नऊ वाजता आठवणीने बंद करू, असे स्वतःला बजावलेही.

नऊ वाजता मी काय करीत होतो ते आता आठवत नाही. बहुधा चकलीचा सोऱ्या आवळीत असेन. साडेआठला मात्र पेटीकडे पाहिल्याचे पक्के आठवते. आत ड्रॉप चेकर नावाची काचेची छोटी कुपी टांगलेली असते. तिचा रंग हिरवा होता. हिरवा म्हणजे ठीक. मी निश्चिंत झालो. फटाक्यांचा धूर नको म्हणून खिडक्याही सगळ्या लावून घेतल्या.

पहाटे साडेचारला उठून उटणे वाटीत कालवीत होतो, तो धाकटी बैठकीतून ओरडली, "बाबा, कुंकुवाल्यांचं कुंकू गेलं!"

मी दिवा लावला. पंधराच्या पंधरा मासे पाण्याच्या वरच्या काठाला तोंडे लावून होते. कल्ले भात्यासारखे हलत होते. एकाच्याही तोंडावर लाल टिपूस नव्हता; कागदाच्या माशांसारखे पांढरे. दोन आडवे झाले होते. ओटो वाळूवर उताणे. कोळंब्या झाडांच्या शेंड्यांवर चढून बसल्या होत्या, पूर आल्यावर माणसे कौलांवर बसतात तशा. आणि ड्रॉप चेकर लिंबासारखा पिवळा. बुडबुडे मात्र शिस्तीत पडतच होते, सेकंदाला चार.

मी आधी पिन उपटली. अण्णा अंगाला तेल लावलेल्या स्थितीतच आले आणि म्हणाले, "पाणी हलव. उंचावरून ओत." हवेचा पंप माळ्यावर होता. तो सापडेपर्यंत मी हाताला लागलेला तांब्या घेऊन पेटीतलेच पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओतू लागलो. सौ.ने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि प्लॅस्टिकचा मग दिला. तिचे बरोबर होते. तांब्या तांब्याचा होता, आणि तांबे कोळंब्यांना विष. पंप सापडला, खिडक्या उघडल्या, क्लोरीन मारून ठेवलेल्या पाण्याच्या दोन बादल्या होत्या त्या पेटीतले तेवढेच पाणी काढून घातल्या. बाहेर पहिल्या आंघोळीचे फटाके वाजत होते. आमच्या घरी त्या दिवशी अभ्यंगस्नान दहा वाजता झाले.

उजाडेपर्यंत आठ कुंकुवाले हळूहळू खाली उतरले. सात गेले. ओटोंपैकी एक वाचला. गुरामी दोन्ही जगल्या, कारण त्यांना कल्ल्यांखेरीज हवेतला श्वास घेण्याचे एक जादा इंद्रिय असते आणि त्या अडचणीच्या वेळी वर येऊन चक्क हवा पितात. धाकटीने सात मासे कुंडीत तुळशीपाशी पुरले. मला तिने एकच विचारले, "आकाशकंदील हाताने बंद करता आला नसता का?"

दुपारी अण्णांनी मला समोर बसवले. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला वडिलांपुढे विद्यार्थी म्हणून बसण्याचा योग क्वचित येतो. ते म्हणाले, "शाळेतला हायड्रिलाचा प्रयोग आठवतो? सोडा घातला की बुडबुडे वाढतात?" मी मान हलवली. "त्या चंचुपात्रात मासा नव्हता."

मग त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत देतो. पुष्कळांना वाटते की कर्बवायू पाण्यात शिरला की प्राणवायूला ढकलून बाहेर काढतो. तसे नाही. पाण्यात या दोन वायूंची खाती निरनिराळी असतात. दोन्ही एकाच वेळी भरपूर असू शकतात. मग मासा गुदमरतो कशाने? माशाच्या रक्तातला कर्बवायू कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून पाण्यात उतरतो, आणि उतरतो तो एवढ्याचसाठी, की रक्तात तो जास्त व पाण्यात कमी असतो. पाण्यातच तो वाढवून ठेवला की उतार संपला. वायू रक्तात साठतो, रक्त आम्ल होते. डेन्मार्कचे ख्रिश्चन बोर, म्हणजे अणूवाल्या नील्स बोरचे वडील, यांनी १९०४ साली दाखवून दिले की कर्बवायू वाढला की रक्तातले हीमोग्लोबिन प्राणवायूवरची पकड सैल करते. एरवी ही सोय आहे. स्नायूंपाशी प्राणवायू सोडावयाचा असतो. पण कल्ल्यांपाशी, जिथे तो पकडावयाचा, तिथेच पकड सैल झाली तर? त्यात आणखी भर म्हणजे, पुष्कळ माशांच्या रक्तात आम्लामुळे प्राणवायू भरून घेण्याची कुवतच घटते. हा शोध रूट नावाच्या संशोधकाचा, १९३१ चा. म्हणजे मासा भरल्या ताटावर उपाशी राहतो. श्वास रोखून धरला की थोड्याच वेळात आपल्याला जी तगमग होते ती मुख्यतः साठलेल्या कर्बवायूचीच असते, प्राणवायू संपल्याची नव्हे. माझ्या माशांनी ती तगमग रात्रभर काढली.

आणि माझ्या पेटीत तर प्राणवायूही घटलेला. दिवे गेले की झाडे कर्बवायू घ्यायची थांबतात व माशांसारखीच प्राणवायू खाऊ लागतात. हे हॉलंडच्या इंगेनहाउस नावाच्या डॉक्टराने १७७९ साली पाण्यात बुडवलेल्या पानांवरच पाहिले होते: उन्हात बुडबुडे, अंधारात बंद, आणि अंधारात हवा उलट बिघडते. पाणी पंचवीस अंशांचे असले तर लिटरमध्ये जेमतेम आठ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. तो पृष्ठभाग हलला तरच आत शिरतो. मी तर पृष्ठभागाचा आरसा करून ठेवला होता. खिडक्या लावल्यामुळे खोलीतली हवाही कोंदटलेली. थोडक्यात, एकेक चूक क्षम्य होती. मी चारही एका रात्रीत केल्या.

ड्रॉप चेकर हिरवा होता, त्याचे काय? त्या कुपीत पेटीचे पाणी नसते. तीत चार अंश क्षारतेचे वेगळे बनवलेले पाणी व ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब असतात, आणि मध्ये हवेची फट असते. पेटीतला वायू ती फट ओलांडून कुपीत जातो व रंग पालटतो: कमी असला की निळा, लिटरला तीस मिलीग्रॅमच्या आसपास हिरवा, फार झाला की पिवळा. पेटीत लाकूड, पाने, काही असले तरी कुपीतल्या पाण्यावर त्यांचा परिणाम नाही, म्हणून ही युक्ती नुसत्या सामू मोजण्यापेक्षा भरवशाची. पण फट ओलांडायला वायूला तास-दोन तास लागतात. मी साडेआठला पाहिलेला हिरवा हा साडेसहा-सातचा हिरवा होता. कुपी खोटे बोलली नाही, शिळी बातमी सांगत होती. ताजी बातमी माशांच्या तोंडावर लिहिलेली असते, आणि त्या संध्याकाळी मी तिकडे पाहिलेच नाही. मी रोटालाकडे पाहत होतो.

पुस्तकांतून तीस मिलीग्रॅमचा आकडा जणू श्रुतिवचन म्हणून दिलेला असतो. तो झाडांच्या सोयीचा आहे. माशांत धडधाकट गप्पी-बार्बच असतील तर निभते; पण रमीनोज, ओटो, कोळंबी असली मंडळी असतील तर मी तिकडे जाणार नाही. आता आमची कुपी निळसर हिरवी असते, म्हणजे लिटरला पंधरा मिलीग्रॅमच्या जवळपास. हवेशी समतोल असलेल्या पाण्याच्या कितीतरी पट हे झाले. झाडांना पुष्कळ आहे. बुडबुडे मोजून दुसऱ्याला सांगण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकाचा बुडबुडा निराळा, पेटी निराळी, पृष्ठभागाची हालचाल निराळी. वाढवावयाचे झाले तर एका वेळी अगदी थोडे, आणि पुढचे तीन-चार दिवस हात लावायचा नाही. संध्याकाळी तर कधीच वाढवायचे नाही. वाढवायचे ते सुटीच्या दिवशी, आणि दिवसभर घरात राहून माशांवर नजर ठेवायची. नवे मासे आणले तर ते वायू बंद असताना सोडायचे.

एक सवय मला धाकटीने लावली. सकाळी वायू सुरू होण्याआधी आणि रात्री बंद होण्याच्या तासभर आधी, एकाच माशाचे कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते ती मोजते व वहीत लिहिते. आकडा किती असावा हे मी सांगणार नाही. माशामाशात, ऋतूऋतूत तो बदलतो. सकाळ-रात्रीत फार अंतर पडू लागले की खिळा आवळायचा. मासे खायला पुढे येत नाहीत, कोळंब्या चरायच्या थांबून वर चढतात, कुंकू फिके होते, यांतले काहीही दिसले की कुपीच्या रंगाची वाट पाहायची नाही. गाळणीचे तोंड आता वर वळवलेले असते, पाण्यावर बारीक सुरकुती खेळती राहते. थोडा वायू उडून जातो खरा. जाऊ द्या, तो स्वस्त आहे. रात्री नऊनंतर हवेचा पंप चालतो.

साखर व यीस्ट बाटलीत आंबवून वायू करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. सुरुवातीला मीही केले. खर्च नाही, पण त्या बाटलीला रात्र कळत नाही. आंबणे चालू ते चालूच. बेकिंग सोडा व सायट्रिक ॲसिडचे संच निघाले आहेत त्यांना निदान झडप असते. नाजूक मासे असणाऱ्याने यीस्टची बाटली वापरू नये, या मताला मी आलो आहे.

आता नळकांड्याविषयी चार शब्द, कारण तिथे माशांखेरीज माणसांचाही प्रश्न आहे. आत हा वायू द्रवरूपात असतो. वीस अंशांना दाब हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट. एकतीस अंशांवर तो द्रव राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात गच्चीवर, गाडीत, उन्हात ते ठेवायचे नाही, आणि भरणाऱ्याला "थोडा जास्त भर" असे चुकूनही म्हणायचे नाही. ते उभेच ठेवावे, आडवे केले तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. अशा नळकांड्यांचे नियम २०१६ साली नव्याने झाले, आणि ते पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य ठाणे आपल्या नागपुरातच आहे; तपासणीचा शिक्का नसलेले भंगारातले नळकांडे घेऊ नये. दोन किलो वायू गळून बाहेर आला तर त्याचे अकराशे लिटर होतात. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची बंद खोली घेतली तर हे चार टक्के झाले, आणि चार टक्के कर्बवायूची हवा माणसाच्या जिवाला तत्काळ धोक्याची मानतात. शिवाय हा वायू हवेहून जड, खाली साठतो, आणि मुले जमिनीवर गादी घालून झोपतात. आमचे नळकांडे निजायच्या खोलीला लागून होते, ते आता बैठकीच्या खिडकीखाली आहे.

आणखी एक खोडी. नळकांड्यावरचा काटा शेवटपर्यंत भरल्यासारखाच दिसतो, कारण आत थेंबभर द्रव असेतो दाब तोच राहतो. द्रव संपला की काटा पडू लागतो, आणि साध्या, एका टप्प्याच्या रेग्युलेटरमधून नेमका त्याच वेळी वायू जास्त जोराने बाहेर येतो. शेवटचा वायू एकदम पेटीत पडून मासे गेल्याच्या कथा यातूनच घडतात. दोन टप्प्यांचा रेग्युलेटर महाग, पण तो हे होऊ देत नाही. तो परवडत नसेल तर नळकांडे महिन्याकाठी वजनकाट्यावर ठेवावे. रिकामे वजन त्याच्या खांद्यावर कोरलेले असते. आमच्या कोपऱ्यावरचा वाणी माझे नळकांडे कांद्यांच्या काट्यावर तोलून देतो व दर खेपेला विचारतो, "सर, किलोचा भाव काय?"

त्या वर्षी भाऊबिजेला ताई आणि मेहुणे आले. रोटाला खरोखरच लाल झाली होती. दोन दिवसांच्या वायूने नव्हे, ती आधीपासूनच होत आली होती; मला धीर नव्हता, एवढेच. मेहुणे बराच वेळ पेटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आता रंग भरला!" पंधराचे आठ झालेले त्यांच्या लक्षात आले नाही. ताईच्याही आले नाही. धाकटी माझ्याकडे पाहत होती. मी फराळाचे ताट आणायला आत गेलो.

यंदा घरात टायमर तीन आहेत. झडपेच्या पिनेवर धाकटीने कागद चिकटवला आहे, 'हात लावू नये', आणि खाली सही. आकाशकंदील रात्री अकराला ती स्वतः बंद करते. जुन्या आठांतले सहा अजून आहेत, नवे सहा हळूहळू त्यांच्यात मिसळले. ओटो मात्र पुन्हा आणलेले नाहीत. एकटा उरला आहे तो काचेला चिकटून असतो. रोटाला या वर्षी गुलाबीच्या पुढे जायला तयार नाही. भाऊबिजेला मेहुणे येतीलच.